हिरव्या बारातली चौकशी

आमच्याकडं लग्नाच्या चौकशीत मुलगा पितो का, हे विचारायची एक पद्धत आहे. सरळ कुणीच विचारत न्हाई. शेतीवाडी, नोकरी, भाऊबंद सगळं विचारून झालं की शेवटी "बाकी काही?" एवढंच म्हणायचं आणि गप बसायचं. समोरच्यानं लगेच "बाकी काही न्हाई, सुपारीचं खांडसुद्धा न्हाई" असं म्हणायचं. मंग चहा येतो. या जिल्ह्यातले जेवढे म्हणून नालीत पडलेले नवरे मी आजवर बघितले, ते सगळे बायोडाटावर निर्व्यसनी होते. कागदाला काय, कागद थोडाच पितो.

गेल्या वर्षी माझ्या भाचीसाठी अशी चौकशी करायची पाळी माझ्यावर आली, आणि ज्याची करायची त्या पोराचा धंदाच बारचा. आता बोला. हलवायाच्या पोराला गोड आवडतं का, हे बघून ये म्हणण्यातला प्रकार.

भाची म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीची, अक्काची, एकुलती एक पोर. एका रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरीला आहे. तिशी कधीच ओलांडली, म्हणजे आमच्या नातेवाइकांच्या भाषेत "राहून गेलेली". या नातेवाइकांनी तिच्यासाठी काय एकेक रत्नं शोधून आणली. एकाला स्वतःचं वय धड सांगता येईना. दुसऱ्यानं पहिल्याच भेटीत पोहे खाता खाता विचारलं की तुमचा पगार कुणाच्या खात्यात जमा करायचा. पोरीनं दोघांनाही हात जोडले आणि घरी येऊन आईला म्हणाली की आता कुणी काही आणू नका, माझ्या मनात एक आहे.

तो तिच्या लॅबमध्ये वडिलांना घेऊन यायचा. वर्षभर. वडिलांच्या किडन्या गेल्या होत्या. पोरगा त्याआधी परदेशी प्रवाशांच्या मोठ्या जहाजावर नोकरीला होता, तिथल्या बारच्या काउंटरवर. वडिलांचं समजलं तशी नोकरी सोडून आला, त्यांचं सगळं केलं, हगणं-मुतणं काढलं, आणि ते गेल्यावर परत जहाजावर न जाता त्यानं इथं बार काढला. जात जुळत होती म्हणून गोष्ट चौकशीपर्यंत तरी पोचली. न्हाईतर आमच्यात दारूपर्यंत जायची पाळीच येत न्हाई, गाडी पहिल्याच ठेसनावर थांबते.

भाचीनं आईला साफ सांगितलं, "तू हो म्हणलीस तरच. न्हाई म्हणलीस तर मी परत त्याचा विषय काढणार न्हाई." तिच्या तोंडातनं गेलेला शब्द मी कधी माघारी आलेला बघितला न्हाई. अक्काचा नवरा दारूनं गेला, पोरगी तेव्हा चौथीत होती. त्यानंतर अक्कानं अंगणवाडीत खिचडी शिजवली, लोकांचे ब्लाउज शिवले आणि एकटीनं हिला शिकवलं. त्यामुळं ती पोर आईच्या पुढं जाणार न्हाई हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं.

अक्का मला म्हणली, "मी काही त्या दारात पाय ठेवणार न्हाई. तू जा. डोळ्यांनी बघून ये. तू म्हणशील ते."

"मीच कशाला?" मी म्हणलं.

"तुला त्यातलं कळतं," ती म्हणली.

खोटं कशाला बोला, कळतं. जुन्या जालन्यात माझं कापडाचं होलसेल दुकान आहे. सुरतेचे व्यापारी येतात, जाफराबाद-भोकरदनचे दुकानदार येतात, त्यांच्यासोबत बसावं लागतं. घेतो मी कधीमधी. पण मी आमच्या पद्धतीनं घेतो. आमच्याकडं बारला बार म्हणत न्हाईत, फॅमिली गार्डन म्हणतात. गार्डन म्हणजे दारात दोन कुंड्या, आणि फॅमिली तिथं आजवर कुणाची आलेली न्हाई. आत प्लायवूडच्या खोल्या, त्यांना पडदे. पडद्यातनं हात बाहेर काढून टाळी वाजवली की माणूस येतो. कुणाला कुणाचं तोंड दिसत न्हाई आणि सगळ्यांना सगळं माहीत असतं. बिलकुल सभ्य व्यवस्था आहे.

आणि या पोरानं काय काढलं, तर काचेच्या मोठ्या खिडक्यांचा उघडा बार, आणि त्यात एकाच जातीची दारू. हिरवी. फ्रान्सातली. ॲबसिंथ का काय. गावाला त्या बारचं नाव अजून म्हणता येत न्हाई. पाटीवर एका इंग्रजी अक्षराच्या डोक्यावर तिरकी रेघ आहे, तर लोक म्हणतात पेंटरचा ब्रश घसरला. म्हणून सगळे नुसतं हिरवा बार म्हणतात. मी तर ऐकलं तेव्हाच ठरवून टाकलं होतं की न्हाई म्हणायचं. ज्या गावात लोक देशी आणि रम सोडून तिसऱ्या बाटलीकडं बघत न्हाईत, तिथं फ्रान्सची हिरवी दारू विकणारा माणूस एक तर बावळट असणार न्हाईतर लबाड, आणि दोघांनाही आम्ही पोरगी देत न्हाई.

संध्याकाळी दिवस असतानाच गेलो. अक्कानं सांगितल्तं, तिकडनं थेट जेवायलाच ये, मी वाट बघते.

आधी पद्धतीप्रमाणं समोरच्या पानटपरीवर गेलो. चौकशीत पानवाला आणि न्हावी हे दोन मुख्य. पानवाल्याला म्हणलं, वरचा बार कसा आहे.

"काय सांगू काका," तो म्हणला, "तिथं पोट भरत न्हाई अन् चढतबी न्हाई. फोटो काढायला लोकं येऊन राह्यले. पण पोरगा बराबर हाय. आवाज न्हाई, भांडण न्हाई."

"बाकी काही?" मी म्हणलं, आणि गप बसलो.

त्यानं माझ्याकडं बघितलं, चुन्याचं बोट पुसलं आणि हसला. "बारवाला हाय तो, काका," म्हणला.

बार पहिल्या मजल्यावर. खाली बोअरच्या मोटारींचं दुकान. जिन्यात ग्रीसचा वास. वर गेलो तर दाराला हिरवं मखमल लटकवलेलं. सवयीप्रमाणं मी ते आधी दोन बोटांत धरलं आणि मला हसूच आलं. मखमल कुठलं, मांडवाला लावतात ते चमकीचं कापड. आमच्याच गल्लीतनं गेलेलं असणार, कदाचित माझ्याच दुकानातनं. म्हणे पॅरिस. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

आत दिवे हिरवे. त्यांच्या उजेडात बसलेले सगळे काविळीचे पेशंट दिसत होते. भिंतीवर दाढीवाल्या गोऱ्या माणसांचे फोटो, त्यातला एकही पोटभर जेवलेला वाटत न्हाई. समोरच्या भिंतीवर एक हिरवी परी रंगवलेली. तिची हकीकत मला नंतर समजली. पेंटर शहागडचा, ट्रकच्या मागं मोर, नदी आणि देवी काढणारा. त्यानं परदेशी फोटो बघून जशी होती तशी परी काढली. मंग खालच्या मोटारवाल्यानं तक्रार केली की माझ्याकडं शेतकरी बायकापोरांना घेऊन येतात, जिन्यातनं वर नजर जाते. मंग त्याच पेंटरनं तिला ब्लाउज घातला, पूर्ण बाह्यांचा. पंख मात्र बाहीच्या वरनं आलेत. आता ती परी एखाद्या मुख्याध्यापिकेसारखी अंग झाकून उडत असते, आणि चेहरा काही केल्या पेंटरला बदलता आला न्हाई, तो देवीचाच आहे.

दोन-तीन टेबलं भरलेली. बियाण्यांच्या कंपन्यांतले तरणे सेल्समन, गळ्यात ओळखपत्राच्या पट्ट्या, समोर एकेक ग्लास. पिऊन कुणी राह्यलं नव्हतं. ग्लास उजेडात धरायचा, फोटो काढायचा, खाली ठेवायचा, परत उचलायचा. अरे, प्या की. आमच्या गार्डनमध्ये माणूस ग्लासाकडं बघतसुद्धा न्हाई, सरळ घशात ओततो आणि आपल्या दुःखाकडं वळतो.

मी काउंटरवरच बसलो. पोरगा समोर आला. केस मागं बांधलेले, काळं जाकिट, हातात शुभ्र फडकं. बघितल्या बघितल्या मला तो आवडला न्हाई. एवढं स्वच्छ माणसानं असू नये. "या सर," म्हणला. मी माझी ओळख दिली न्हाई. म्हणलं मी शहागडचा, ट्रकच्या कामानं आल्तो, म्हणलं बघावं काय ते. आता ताकाला जाऊन भांडं लपवणं आपल्याला शोभत न्हाई, पण चौकशीचा नियमच आहे तो.

काउंटरच्या मधोमध एक उंच काचेचं भांडं, त्यात बर्फाचं पाणी, आणि बुडाला चारी बाजूंनी चार बारके पितळी नळ. त्यानं ग्लासात हिरवी दारू बोटभर ओतली. ग्लासावर भोकाभोकाचा चपटा चमचा आडवा ठेवला, त्यावर साखरेचा खडा ठेवला, ग्लास नळाखाली सरकवला आणि नळ इतकासा सोडला. टप. टप. टप. साखर भिजून पाणी खाली पडायला लागलं. "आता थांबायचं," तो म्हणला, आणि दुसऱ्या टेबलाकडं गेला.

थांबायचं म्हणे. जालन्याच्या माणसाला टपकणारा नळ दाखवावा आणि थांब म्हणावं. आमच्याकडं नळाला पाणी आठवड्यानं येतं, कधी त्याहून उशिरा येतं. पाणी यायच्या दिवशी लोक लग्नाला जात न्हाईत. मयतीला गेले तर अर्ध्यातनं परत येतात. टपकणारा नळ दिसला की आमचा हात आपोआप जातो, डोक्याला विचारत न्हाई. तसा माझाही गेला आणि मी नळ घट्ट बंद करून टाकला.

पोरगा परत आला, नळ बघितला, काही न बोलता परत सोडला.

"बंद झाला का?" मी म्हणलं.

"रोज होतो सर," तो म्हणला. "सगळेच बंद करतात. काल एक काका तर दुसऱ्या टेबलावरनं उठून आले आणि चारी नळ बंद करून मला शिव्या देऊन गेले, की लाज वाटत न्हाई का."

म्हणजे माझ्या आधी सगळ्या गावानं ते करून झालं होतं. मी बघतो तर नळाच्या वर मराठीत बारकी चिठ्ठी चिकटवलेली होती, "कृपया नळ बंद करू नये". अशी पाटी या गावात दुसरीकडं कुठं लावली तर माणसाला लोक मारतील.

पाणी पडत गेलं तशी ती हिरवी दारू हळूहळू पांढरी झाली. सेल्समन लोकांनी वा वा केलं. मला काही नवल वाटलं न्हाई. संडास धुवायचं फिनेल बादलीत टाकलं की असंच होतं, त्याला कुणी वा म्हणत न्हाई. तोंडाला लावलं तर चव बडीशेपची. बाळाच्या पोटात वायू धरला की त्याला चमच्यानं पाजतात ना, तेच. आणि मागनं एक कडू, कडुलिंबाच्या काढ्यासारखं, जिभेवर बसून राहणारं. एवढ्यासाठी फ्रान्सला जायचं, तर जन्मलेलं प्रत्येक पोर आमच्याकडं फ्रान्सला जाऊन आलेलं आहे.

"चखणा?" मी विचारलं.

"याच्यासोबत काही घेत न्हाईत, सर."

"कोण घेत न्हाई?"

"तिकडचे लोक."

"ते बघ, भिंतीवर लावलेत तिकडचे," मी म्हणलं. "चखणा घेतला असता तर अंगाला काही लागलं असतं."

तो हसला. मनापासून हसला, ते मला बरं वाटलं न्हाई, कारण मी त्याला हसवायला बोललो नव्हतो. मंग त्यानं खिडकीतनं दोरीला बांधलेली टोपली खाली सोडली. पानवाल्यानं तीत फुटाण्याची पुडी टाकली. पोरानं ती वर ओढून काचेच्या बशीत फुटाणे मांडले, वरनं मोसंबीची साल पिळली. फुटाण्यावर मोसंबीची साल. मी खाल्ले, वाईट न्हाई लागले. पण मी तसं म्हणलो न्हाई.

पहिला ग्लास संपला तरी मला काही झालं न्हाई, म्हणून दुसरा मागवला. दुसरा अर्ध्यावर आला तेव्हा कळलं की या दारूचा स्वभाव पावण्यासारखा आहे, आधी दारात नुसता उभा राहतो, मंग एकदम आत येऊन पलंगावर बसतो. कान गरम झाले. म्हणलं आता कामाला लागावं.

"एवढ्या बाटल्या," मी म्हणलं, "दिवसभर हातात. म्हणजे स्वतःलाही..." आणि पुढचं सोडून दिलं. चौकशीत वाक्य पुरं करायचं नसतं.

तो ग्लास पुसून राह्यला होता. थांबला न्हाई, पुसता पुसताच म्हणला, "घेतो. रविवारी बार बंद असतो, तेव्हा घरी एक. कधी तोही न्हाई."

मी पन्नाशी पार केली. कितीतरी चौकशा केल्या, कितीतरी माझ्यासमोर झाल्या. आजवर एकाही माणसाच्या तोंडातनं "घेतो" हा शब्द मी ऐकलेला न्हाई. ज्याच्या हातात त्या क्षणी ग्लास असतो, तोसुद्धा "न्हाई हो, हे काय सोबतीपुरतं" म्हणतो. आणि हा उघड्या खिडकीत उभा राहून घेतो म्हणतो. मला राग यावा का हसू यावं ते समजेना. सगळी पद्धतच त्यानं मोडून टाकली. आता पुढं काय विचारायचं असतं, ते मला कुणी शिकवलेलं नव्हतं.

म्हणून मी तिसरा मागवला.

त्यानं ते नळाचं भांडं माझ्यासमोरनं बाजूला सरकवलं. "बस करा, मामा," म्हणला.

"मामा कोण?"

"तुम्ही खाली पानवाल्याला 'बाकी काही' म्हणलात ना, तेव्हाच त्याचा फोन आला. लग्नाच्या चौकशीशिवाय असं कुणी विचारत न्हाई. म्हणला, तुझ्या सासरचे वर येऊन राह्यले."

हे असं गाव. इथं चौकशी कोण कुणाची करतो, तेच समजत न्हाई.

"म्हणजे मी कोण ते माहीत होतं," मी म्हणलं, "आणि तरी घेतो म्हणलास?"

"न्हाई म्हणलो असतो तर पुढं रोज न्हाई म्हणत बसावं लागलं असतं," तो म्हणला. "अक्कांच्या घरी हे आधीच खूप झालंय. मला सगळं माहीत आहे."

त्यानं माझ्यासमोर साधं पाणी ठेवलं. मंग जरा खाली वाकून, बाकीच्यांना ऐकू जाऊ नये असं म्हणला, "मामा, एक ऐका. आज अक्कांकडं जाऊ नका. मी रिक्षा बोलावतो, घरी जा. उद्या सकाळी आंघोळ करून जा, मंग काय सांगायचं ते सांगा. न्हाई म्हणायचं तर न्हाई म्हणा. पण उद्या जा."

आणि इथं माझं डोकं फिरलं. काल आलेलं पोरगं, केसांचा अंबाडा घातलेलं, मांडवाचं कापड मखमल म्हणून लटकवणारं, ते मला शिकवणार की मी माझ्या सख्ख्या बहिणीकडं कधी जायचं. मी पिऊन झिंगलेला आहे असं याला म्हणायचंय. मी म्हणलं, "माझी बहीण आहे ती. तुझी अजून कुणी न्हाई." बिल दिलं, तो नको म्हणून राह्यला होता तरी दिलं, आणि जिना उतरलो. पाय बराबर पडत होते. तेवढं मी बघितलं.

खाली पानवाला म्हणला, "मामा, पान लावू का? बडीशेप देऊ?" आमच्याकडं घेतल्यावर बडीशेप खाऊन घरी जायचं, हे न शिकवता येतं. मी तोंडावर हात धरून फुंकर मारून बघितली. वास कसला, नुसता बडीशेपचा. म्हणलं चला, या हिरव्या फिनेलचा एक तरी फायदा झाला. दारू आणि बडीशेप एकातच, वेगळी पुडी घ्यायला नको. त्याला म्हणलं, काही नको, आणि रिक्षात बसलो.

रिक्षात मी खूश होतो, हे सांगितलं पाहिजे. न्हाई म्हणायचं ठरवून गेल्तो, आणि माझं मत बदललं होतं. त्याचा राग आल्ता, तरी बदललं होतं. रागावलेल्या माणसाचं मत बदलत न्हाई म्हणतात, पण माझं बदललं. पोरगा खरा आहे, एवढं मला कळलं होतं. धंदा चालणार न्हाई, तो बार वर्षभरात बसणार, परीला ब्लाउजवर पदरही येणार, पण पोरगा खरा आहे. आणि माझी भाची, जिला आयुष्यात कुणी काही आणून दिलं न्हाई, तिच्यासाठी आज मी हो घेऊन चाललोय. मला माझंच कौतुक वाटत होतं.

अक्काच्या घरी पोचलो तेव्हा दिवेलागण होऊन गेलेली. भाची आत भाकरी करून राह्यली होती. थापायचा आवाज येत होता, मी आल्यावर तो जरा थांबला आणि परत सुरू झाला. अक्कानं ताट मांडून ठेवल्तं. पिठलं, ठेचा, कांदा. मी हातपाय धुतले, पाटावर बसलो, आणि जेवायला सुरुवात करायच्या आधीच म्हणून टाकलं, "अक्का, धंदा भंगार आहे. पण पोरगा सोनं आहे. मी सांगतो, दे पोरगी."

आतलं थापणं बंद झालं.

अक्का पाण्याचा तांब्या घेऊन आली. माझ्या ताटाशी वाकली, तांब्या ठेवला, आणि उठलीच न्हाई. तशीच वाकून राह्यली, माझ्या तोंडाजवळ.

"बडीशेप खाऊन आलास?" तिनं विचारलं.

"न्हाई अक्का," मी म्हणलं, "ती बडीशेप न्हाई. ती दारूच तशी असती. बडीशेपच्याच वासाची. फ्रान्समध्ये करतात."

शंभर टक्के खरं बोललो मी. आणि बोलता बोलता मलाच ऐकू आलं की जगातल्या कुठल्याही दारुड्यानं आजवर यापेक्षा खोटं काही सांगितलं नसेल.

अक्का ओरडली न्हाई. ती समोर भिंतीला टेकून बसली, पदर गुडघ्यावर ओढून. "त्यांच्या शर्टाच्या खिशात रोज पुडी असायची," ती म्हणली. "बडीशेपची. दारात आले की आधी हा वास यायचा, मंग ते यायचे. ही पोरगी बारकी होती तवा तिला वाटायचं, बापाच्या अंगाचा वासच असा असतोय. शेजारणीच्या घरी कुणी बडीशेप खाल्ली तर ही म्हणायची, बाबा आले."

मी कांद्याची फोड उचलली आणि परत ताटात ठेवली.

"आन काका," ती म्हणली. काका म्हणजे आमच्या वडलांचे, आण्णांचे, भाऊ. "माझ्या टायमाला चौकशीला काका गेल्ते जाफराबादला. रात्री मुक्काम करून दुसऱ्या दिवशी आले. आण्णांच्या समोर बसले, असेच, आन म्हणले, पोरगा सोनं हाय. मी पाणी द्यायला वाकले तर त्यांच्या तोंडाला हाच वास होता. मला वाटलं जेवण करून आल्यात, चांगलं खाऊ घातलं असंल त्या लोकांनी. अठरा वर्षांची होते मी. मला काय कळतंय त्यातलं."

"अक्का, हे तसं न्हाई," मी म्हणलं. "त्या पोरानं मला दिलेलं न्हाई, मी माझ्या पैशानं घेतली. आणि त्यानं स्वतः मला तोंडावर सांगितलं, घेतो म्हणून. कोण सांगतं असं? रविवारी एक. खोटं बोलला न्हाई तो."

"घेतो म्हणला?"

"हो, पण..."

"आन तरी तू सोनं म्हणून राह्यलास."

मी तिला नळाचं सांगितलं, भांडं बाजूला सरकवलेलं सांगितलं, मला तिसरा दिला न्हाई ते सांगितलं, उद्या जा म्हणला ते सांगितलं. जे जे त्या पोराच्या बाजूचं होतं ते सगळं सांगितलं. एकेक गोष्ट खरी होती आणि एकेक गोष्ट माझ्या तोंडातनं त्या वासासोबत बाहेर पडून राह्यली होती. अक्का ऐकत नव्हती. ती वास घेत होती. मध्येच तिनं पदर नाकाला लावला. मंग मी बोलायचं थांबलो.

"त्यांना कळवून टाक," ती म्हणली. "आमच्याकडनं न्हाई म्हणून."

आत गॅस बंद झाल्याचा आवाज आला. भाची भाकरी घेऊन बाहेर आली. चेहरा धुतलेला होता. तिनं भाकरी माझ्या ताटात ठेवली, मोडून ठेवली, लहानपणी मी तिला मोडून द्यायचो तशी. आईकडं तिनं बघितलं न्हाई. माझ्याकडं बघितलं.

"मामा, तो घेतो ते मला माहीत होतं," ती म्हणली. "मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं त्याला. तुम्हाला शोधून काढायचं काही नव्हतंच. तुम्हाला फक्त कोरड्या तोंडानं येऊन आईला सांगायचं होतं."